वरचं टोक

"हा स्टूल कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? कामासाठी."

"कामाला तुम्ही. तुम्ही जमिनीवर उभे राहून पट्टी ओढता. मला स्टूल लागत नाही, हे अस्की, सगळी गल्ली जाणते. मग कामाला तिसरं कोण?"

"सुताराकडे फळी उरली होती, अंबू. म्हणाला, काहीतरी करून देतो."

"फळी उरली तर सुतार पाट करतो. पोळपाट करतो. दोन पायऱ्यांचा स्टूल आपणहून करत नाही. त्याला कुणीतरी उंची सांगावी लागते."

"अंदाजे सांगितली."

"माझ्या पोलक्याच्या बाहीचा अंदाज अजून येत नाही तुम्हाला. त्या पोरीच्या पायांचा बरा आला."

सेतुमाधव ओट्यावर मांडी घालून बसला होता. मांडीवर विनाइलची गुंडाळी, हातात मऊ फडकं. गुंडाळी आधीच स्वच्छ होती, तरी तो पुसत होता. अंबुजानं स्टूल उचलून उलटा केला आणि त्याचे चारही पाय त्याच्या नाकासमोर धरले.

"खाली रबर लावलंय."

"घसरू नये म्हणून."

"भिंत धुतलेलं साबणाचं पाणी सांडलेल्या फरशीवर मी एवढी वर्षं अनवाणी उभी राहिले. तेव्हा बाजारात रबर मिळत नव्हतं वाटतं."

"तुझा खांदा धरला होता, अंबू. वैद्यानं हात वर करू नको म्हटलं. मी एकटा कसा लावणार होतो?"

"धरला होता. आता सुटलाय." तिनं उजवा हात सरळ वर नेला. बोटं ओट्याच्या वाशाला टेकली, आणि तिनं ती तशीच टेकवून ठेवली. "बघा. बघा की इकडे."

त्यानं पाहिलं नाही. गुंडाळीला दोरी बांधली आणि तो आत निघून गेला. हात वर ठेवून अंबुजा उभीच राहिली. समोरच्या घरातली वसुमती तांदूळ निवडता निवडता हे सगळं पाहत होती.

"काय हो अक्का, वाशाला काय लागलंय?"

"जळमटं," अंबुजा म्हणाली आणि तिनं हात खाली घेतला.

अंबुजा उंच होती, आणि तिचं सगळं आयुष्य या उंचीभोवती फिरलं. माहेर तिरुवैयारूचं, तिथल्या एका मराठी घरातलं. वडील देवळाच्या स्वयंपाकघरात नैवेद्य रांधायचे. घरात गाण्याची शिकवणी चालायची. त्यातलं थोडं हिच्याही गळ्यात उतरलं, पण बघायला आलेल्यांनी गळा कधी विचारलाच नाही. ते तिला उभं राहायला सांगायचे. ती उभी राहिली की मुलाची आई मुलाकडे बघायची, मुलगा छताकडे. मग आईनं तिला शिकवलं, मान खाली घाल. लाजरी वाटावी म्हणून नव्हे, चार बोटं कमी दिसावी म्हणून.

सेतुमाधवाच्या आईनं मात्र तिला बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं. टांगलेला दिवा लावायला कुणाला हाक मारायला नको." राजवाड्यामागच्या गल्लीत ती सून म्हणून आली ती अशी. लग्नाच्या फोटोत नवराबायको सारख्या उंचीची दिसतात. नवऱ्या मुलाच्या पायाखाली पाट होता, आणि फोटोवाल्यानं नवरीच्या पातळाचा घोळ त्याच्यावर पसरला होता.

सेतुमाधव पाट्या रंगवायचा. तमिळ अक्षरं वळणदार काढायचा, इंग्रजी थोडी वाकडी. अंबुजा रंग कालवून द्यायची. मग दुकानदारांना कॉम्प्युटरवर कापलेली अक्षरं आवडू लागली, आणि ब्रश डब्यात वाळू लागले. मेडिकल कॉलेजच्या बाजूला नव्या वसाहती उठत होत्या. सिंगापूर-दुबईहून आलेली माणसं हॉल बांधायची आणि त्या कोऱ्या भिंतीकडे बघून म्हणायची, इथे काहीतरी पाहिजे. तिरुच्चीत एकानं छापायचं मोठं यंत्र आणलं होतं. धबधबा म्हणा, बर्फ म्हणा, भिंतीएवढा विनाइलवर छापून मिळायचा, पाठीला डिंक लावलेला. ही बातमी अंबुजानंच बसमध्ये कुणाकडून तरी ऐकली आणि नवऱ्याच्या मागे लागली. तो म्हणाला, "मी चित्रकार. स्टिकर चिकटवू?" ती म्हणाली, "चित्रकार घरी बसलाय. चिकटवणारा जेवून घरी येईल."

पहिल्याच कामात कळलं की हे एकट्याचं काम नव्हे. एकानं भिंतीपाशी उभं राहून विनाइलच्या पटाचं वरचं टोक दोन्ही हातांनी ताणून धरायचं, भिंतीपासून वीतभर दूर. दुसऱ्यानं पाठीचा कागद थोडा थोडा सोलत, रबराच्या पट्टीनं मधून कडेकडे दाबत खाली यायचं. वरचा हात थरथरला की चित्र वाकडं जातं, आणि डिंकानं एकदा धरलं की धरलं. सगळे शिडी मागवतात. अंबुजा नुसती उभी राहिली. ज्या उंचीला कुणी घर देत नव्हतं, ती उंची भिंतीला बरोबर लागली.

मग दोघांचं एक जमून गेलं. तो श्वास आत घेताना पट्टी थांबायची, सोडताना खाली सरकायची. तिचेही हात त्याच श्वासावर ढिले-घट्ट व्हायचे. त्यात बोलणं नसायचं. घरी ती दोघं मिठावरून भांडायची, भावाच्या लग्नातल्या मानावरून भांडायची. पण भिंतीपुढे ती एक माणूस व्हायची. लोकांच्या घरच्या लेकीसुना चहाचे पेले घेऊन बघत उभ्या राहायच्या. हे अंबुजाला आवडायचं. फार आवडायचं.

चित्रही तीच निवडायची. गिऱ्हाईक अल्बम चाळत बसलं की ती त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून बसून यायची आणि सांगायची, "इथे धबधबा नको. समोर नळ आहे. दिवसभर पाणी पाणी होईल."

आणि हळदीकुंकवाचा नियमही तिचाच. आपल्या लोकांत नवी वस्तू हळदीवाचून घरात घेत नाहीत. नवं लुगडं असो, नवा कुकर असो, कोपऱ्याला हळदीचं बोट लागतंच. पहिल्या कामात तिनं भिंतीच्या चारी कोपऱ्यांना हळद लावली होती, तेलात कालवून, सासूबाई लावायच्या तशी. तेलावर डिंक धरेना; आठवडाभरात चारही कोपरे केळीच्या वाळल्या पानासारखे वळून आले. दुसऱ्या कामापासून ती बोट खाली लावू लागली, जमिनीलगतच्या पट्टीवर, जिथे विनाइल पोचत नाही. शास्त्रही राहिलं आणि डिंकही राहिला. या दोघांखेरीज हे कुणाला माहीत नव्हतं.

मग तिचा खांदा धरला आणि हरिता आली.

हरिता कुंभकोणमची. आत्याकडे याच गल्लीत राहायची. तिरुच्चीला कॉम्प्युटर शिकलेली, सव्विशीतली, बुटकी, बोलायला गोड. मराठी समजायची सगळी, बोलायची अर्धी, उरलेल्या अर्ध्यात तमिळ घालायची. सेतुमाधवाला भाऊ मानून अण्णा म्हणायची, अंबुजाला अक्का. ती पडद्यावर गिऱ्हाइकाच्या हॉलचा फोटो घ्यायची आणि त्याच्याच भिंतीवर चित्र बसवून दाखवायची. लावण्याआधीच लावलेलं दिसायचं. गिऱ्हाईक खूश. सेतुमाधव खूश. अंबुजा भाकड गाईसारखी ओट्यावर बसून खांद्याला तेल चोळायची.

"मुलगी गुणाची आहे," वसुमती म्हणायची.

"आहे."

"अण्णा अण्णा करत मागे असते."

"मग काय नाव घेऊन हाक मारेल?"

"मी काही म्हटलं का? माझ्या नणंदेचा नवराही आधी अण्णाच होता तिचा."

अंबुजा हसली होती. पण त्या दिवशी सांबारात तिनं दोनदा मीठ घातलं.

खरं म्हणजे तिला तसला संशय नव्हता. नवऱ्याला ती ओळखून होती. त्याच्या हातून दुसऱ्या बाईला चहासुद्धा धड देववत नसे. पण तो संशय असता तर बरं झालं असतं. त्याला बोट दाखवता आलं असतं, रडता आलं असतं, माहेरी जाता आलं असतं. "तुम्ही तिच्याबरोबर भिंतीपुढे उभे राहता," हे सांगायला ती कुणाकडे जाणार? कोण हसणार नाही?

ओरत्तनाडूचं काम आलं ते डॉक्टर विनुताच्या नव्या दवाखान्याचं. मुलांचा दवाखाना. बाहेर थांबायची खोली, आत इंजेक्शनची. डॉक्टरीणबाईंना वाघ हवा होता. मुलांना वाघ आवडतो म्हणे.

अंबुजानं हे ऐकलं आणि मनात म्हटलं, सुई टोचायची वाट बघणाऱ्या पोराला वाघ कशास? चेहरा नको. डोळे नकोत. पाठमोरं काहीतरी हवं, आपल्या वाटेनं निघालेलं, म्हणजे पोर त्याच्या मागं मागं जाईल. हत्ती. आतल्या दाराकडे निघालेले हत्ती, लहानगं शेपूट धरून मागे. ती हे सांगायला आत गेली, तर सेतुमाधव पडद्यापुढे वाकलेला, आणि पडद्यावर हत्ती. पाठमोरे. आतल्या दाराकडे निघालेले. लहानगं शेपूट धरून मागे.

"अक्का, कसं आहे?" हरितानं विचारलं. "अण्णांना आवडलं. तुम्ही सांगा. तुमचा डोळा पाहिजे."

"बरं आहे," अंबुजा म्हणाली.

"काही बदलू?"

बदलण्यासारखं काही असतं तर ती मुलगी तिला आवडलीही असती. अंबुजा पडद्याकडे बघत राहिली. एकही चूक सापडली नाही.

"बरं आहे म्हटलं ना."

स्टूल आला तो त्याच आठवड्यात. आणि कामाच्या दिवशी सकाळी अंबुजा जरीकाठाचं पातळ नेसून, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन ओट्यावर हजर.

"तू कोठे?" सेतुमाधव म्हणाला.

"नवा दवाखाना. सवाष्णीचं बोट नको लागायला? तुमच्या डिझाइनमध्ये ते येतं का?"

"येऊ द्या की, अण्णा," हरिता म्हणाली. "अक्का असल्या तर बरं."

बसमध्ये गुंडाळी खिडकीतून आत घेतली. पूर्वी ती अंबुजाच्या मांडीवर असायची. आज एक टोक सेतुमाधवाच्या हाती, एक हरिताच्या. अंबुजा मागच्या बाकावर. तिच्या मांडीवर स्टूल.

भिंतीला पांढरा ऑइल पेंट दिलेला होता, गुळगुळीत, बशीसारखा. हरितानं ती कोरड्या फडक्यानं कोपऱ्या-कोपऱ्यांतून पुसून काढली. सेतुमाधव आत डॉक्टरीणबाईंना विजेचं बटण कुठे येईल ते विचारायला गेला. अंबुजानं करंडा उघडला. हळद तिनं घरूनच कालवून आणली होती. तिळाच्या तेलात.

खालच्या पट्टीवर तिनं बोट नेलं नाही. पट जिथे बसणार तिथेच, खालच्या डाव्या कोपऱ्यात लावलं, चांगलं दोन बोटं रुंद. मग उजव्या. मग टाचा उचलल्या, हात वर गेला, खांदा कुरकुरला, आणि वरचे दोन्ही कोपरे पिवळे झाले. प्रत्येकावर कुंकवाचा टिळा. हात भरून लावलं. पोरीच्या लग्नात लावावं तसं.

"किती छान दिसतंय," हरिता म्हणाली. "मी पण लावू, अक्का?"

"तुझं लग्न व्हायचंय अजून. तू हात जोड."

मुलीनं हात जोडले. तिला काय माहीत असणार. सेतुमाधव बाहेर आला तोवर हरितानं पट उलगडून स्टुलावर पाय ठेवला होता आणि वरचे कोपरे कागदाआड गेले होते. खाली त्यानं पाहिलं असतं, तर दिसलं असतं. तो ओळंब्याकडे बघत होता.

अंबुजा पेशंटांच्या बाकावर जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे काम समोरून बघत होती. तिला वाटत होतं, यांचं जमणार नाही. मुलगी स्टुलावर डुगडुगेल, हा खेकसेल, चित्र सुरकुतेल.

"हं," हरिता म्हणाली.

पट्टी सरकली.

"हं."

पट्टी सरकली. मुलगी दर वीतभर कागदाला "हं" म्हणत होती, आणि तो त्या "हं"वर चालत होता. श्वासाची गरज नव्हती. अंबुजाला वर्षं लागली होती ते या मुलीनं एका अक्षरात आणलं होतं. पाठमोरा पहिला हत्ती भिंतीवर उतरला. एकही फुगा नाही. दवाखान्यातली आया चहाचा पेला हातात धरून बघत उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर ते कौतुक होतं. अंबुजाला ते ओळखीचं होतं. ते तिचं होतं.

"तुम्ही डॉक्टरीणबाईंकडल्या का?" आयानं तिला विचारलं. "की या मुलीच्या आई?"

"मी कुणी नाही," अंबुजा म्हणाली. "हळद लावायला आले."

निरोप यायला फार दिवस लागले नाहीत. डॉक्टरीणबाईंचा फोन समोरच्या बूथवर आला, वसुमती तो निरोप घेऊन आली आणि सांगून झाल्यावर जागची हलली नाही. कोपरे सुटले होते. एका पोरानं खालचा धरून ओढला, तर शेपूट धरलेला लहानगा हत्ती फाटून त्याच्या हातात आला.

सेतुमाधव आणि हरिता सकाळच्या बसनं गेले. अंबुजानं मागून चूल सारवावी तसं सगळं घर पुसून काढलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. मनात एकच चाललं होतं. आता त्याला कळेल की दुसऱ्या कुणाच्या हाताला ते जमत नाही.

दुपारी तो एकटाच परत आला. पाय धुतले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला आणि खिशातून विनाइलचा एक तुकडा काढून तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. लहानग्या हत्तीची पाठ. त्यानं तो उलटा केला. डिंकावर पिवळं बोट, रुंद, स्पष्ट.

"कोपरे ओलीनं सुटले नाहीत," तो म्हणाला.

अंबुजा घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिनं आणखी एक सोलली.

"डॉक्टरीणबाईंना काय सांगितलंत?"

"मी काही सांगितलं नाही."

"मग?"

"हरितानं सांगितलं. म्हणाली, माझी चूक. केसाला तेल लावून आले होते, हात धुतले नाहीत."

अंबुजानं शेंग खाली ठेवली.

"तिनं हे बघितलं?"

"तिनंच उलटून बघितलं. वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं."

"मग?"

"मग काही नाही."

"आणि बसमध्ये?"

"बसमध्ये काय."

"एवढा रस्ता. शेजारी शेजारी बसला असाल. मुके बसलात?"

"बोललो थोडं."

"माझ्याबद्दल."

"अंबू."

"काय बोललात ते विचारत नाही. बोललात, एवढं कळलं." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "तिनं दोष स्वतःवर घेतला, म्हणून आता ती मोठी. मी हळद फासणारी. तुम्ही दोघं शहाणे, आणि मला झाकून घेताय. माझ्या घरात मला झाकताय."

"तुला कुणी काही म्हटलं का? एक शब्द तरी?"

"म्हणा की. मारा. ओरडा. मिठावरून ओरडता ना?"

तो दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत राहिला. अंबुजाला त्याच्या डोक्यावरचा विरळ झालेला भाग दिसत होता. तो तिला नेहमीच दिसायचा. इतरांना तो दिसायला त्याला बसावं लागे.

"नवा पट छापायला टाकलाय," तो म्हणाला. "आला की जायचं. तू ये. वरचं टोक तू धर."

हेच तर तिला हवं होतं. स्टूल आल्यापासून, त्याच्याही आधीपासून, खांद्याला तेल चोळताना दर दिवशी तिनं हेच वाक्य त्याच्या तोंडी घालून पाहिलं होतं. खांदा आपोआप सैल झाला. हात पुसून ती उठली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तिनं त्याच्या चेहऱ्याकडे वरून नीट बघितलं. तो जरा जास्तच सावकाश, जरा जास्तच मऊ बोलला होता. पाठ केल्यासारखं.

"हे तुम्हाला सुचलं," ती म्हणाली, "की तिनं सांगितलं?"

सेतुमाधवानं खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.

"बसमध्ये सांगितलं का तिनं? अक्कांना बोलवा, म्हणून? त्यांनाच धरू द्या, म्हणून?"

त्यानं फाटलेला तुकडा उचलून खिशात घातला. ओट्यावर जाऊन पायात चपला सरकवल्या, वाटेत आडवा आलेला स्टूल उचलून भिंतीशी नीट लावला, आणि तो गल्लीत उतरून चालू लागला.